मायक्रॉन ह्या मापाचे दोन इतिहास : दरेकसा परिसरातील पाण्याच्या निमित्ताने

१. विषयप्रवेश

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, सालेकसा तालुक्यात, दरेकसा हे लहानसे गाव आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरून जाणाऱ्या प्रवाशास ते डोंगराळ रानातील एक स्थानक म्हणून ओझरते दिसते. जवळच हाजरा धबधबा आहे, आणि माघी पौर्णिमेस जेथे अनेक राज्यांतील गोंड समाज एकत्र येतो त्या कचारगडच्या गुहाही याच परिसरात आहेत. येथील ओढ्यांचे पाणी वाघ नदीस मिळते, वाघ नदी वैनगंगेस, वैनगंगा वर्धेशी संगम पावून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते. तात्पर्य, दरेकसाच्या ओढ्यात पडलेली न कुजणारी वस्तू, वाटेत कोठे अडकली नाही तर, बंगालच्या उपसागरापर्यंत जाण्यास मोकळी असते.

ह्या ओढ्यांच्या काठच्या झुडपांवर पावसाळ्यानंतर पुराची पातळी सहज वाचता येते. पूर्वी ही खूण पालापाचोळा आणि काटक्या यांची असे. आज तिच्यात प्लॅस्टिकच्या चिंध्याही असतात. चिंधी डोळ्यांस दिसते, म्हणून तिची चर्चा होते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ती चिंधी दिसेनाशी झाल्यानंतर आरंभ होणारा इतिहास हा आहे. त्या इतिहासाकडे भाषेच्या अभ्यासकाने का वळावे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, ह्या प्रश्नाच्या मुळाशी पदार्थाइतकाच शब्दांचाही घोटाळा आहे, आणि त्या घोटाळ्याच्या केंद्रस्थानी ‘मायक्रॉन’ हा एकच शब्द उभा आहे.

२. कुजणे आणि झिजणे

वस्तू नाहीशी होण्याच्या प्रकारांसाठी मराठीत क्रियापदे विपुल आहेत. लाकूड कुजते, दगड झिजतो, कापड विरते, मीठ विरघळते, लोखंड गंजते. बोलणारा माणूस ही क्रियापदे सहसा एकमेकांच्या जागी वापरीत नाही. त्यांतील ‘कुजणे’ ह्या क्रियापदाचे एक वैशिष्ट्य असे की, कुजलेली वस्तू मातीच्या उपयोगी पडते. उकिरडा हा शब्द आज तुच्छतेने उच्चारला जातो. परंतु शेतकऱ्याच्या व्यवहारात उकिरडा म्हणजे खताची ठेव होती. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते ह्या अर्थाची म्हण आपल्याकडे प्रचलित आहे. टाकलेली वस्तू कालांतराने पुन्हा उपयोगी पडते, हा अनुभव तिच्या मागे उभा आहे.

प्लॅस्टिक ह्या पदार्थाने हे गृहीत मोडले. ते उन्हाने ठिसूळ होते, फाटते आणि त्याचे तुकडे होतात. म्हणजे ते झिजते व विरते, पण व्यवहाराच्या कालमर्यादेत कुजत नाही. ज्या रेणूंच्या लांब साखळ्यांस मराठी परिभाषेत ‘बहुवारिक’ म्हणतात, त्या साखळ्या सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी जागोजागी तुटतात. त्यामुळे पदार्थाचे बळ जाते, तथापि पदार्थ जात नाही. जुन्या अनुभवाने घडलेला माणूस मात्र ‘दिसत नाही’ याचा अर्थ ‘कुजून गेले’ असाच करतो. हा अडाणीपणा नव्हे. हजारो वर्षे तो अर्थ बरोबर होता.

ह्या पदार्थास लोकांनी दिलेली नावेही बोलकी आहेत. ‘प्लॅस्टिक’ हा शब्द ‘घडविणे’ ह्या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला आहे. मराठीच्या शास्त्रीय परिभाषेत त्या अर्थाने ‘सुघट्य’, ‘आकार्य’ अशी विशेषणे आढळतात, पण व्यवहारात ती रुळली नाहीत. मुंबई-पुण्याकडे ‘कॅरीबॅग’ म्हणतात. पूर्व विदर्भात, हिंदी व छत्तीसगढी यांच्या शेजारामुळे, ‘पन्नी’ वा ‘झिल्ली’ म्हणतात. पन्नी म्हणजे मुळात धातूचा चकचकीत पातळ पत्रा आणि झिल्ली म्हणजे शरीरातील पातळ पडदा. दोन्ही नावे पदार्थाच्या पातळपणावरून पडली आहेत. शासनानेही पुढे नेमका हाच गुण मोजावयास घेतला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

३. पहिला इतिहास : जाडीचा मायक्रॉन

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १८७९ साली आंतरराष्ट्रीय मापनव्यवस्थेत ह्या नावास मान्यता मिळाली आणि १९६७ साली ते अधिकृतपणे रद्द होऊन त्याच्या जागी ‘मायक्रोमीटर’ हे नाव आले. मापनशास्त्राने टाकलेला हा शब्द आपल्याकडे मात्र बाजारात, वर्तमानपत्रांत आणि लोकांच्या तोंडी अद्याप जिवंत आहे. खेड्यातील दुकानदारही तो जाणतो, आणि त्याच्या लेखी त्याचा अर्थ एकच असतो, तो म्हणजे पिशवीची जाडी.

केंद्र शासनाच्या १९९९ च्या नियमांनी पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन ठरविली. २०११ च्या नियमांनी ती ४० वर आणि २०१६ च्या नियमांनी ५० वर नेली. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ व ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन ही मर्यादा आली. महाराष्ट्राने स्वतंत्रपणे पावले टाकली होती. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या महापुरात गटारे तुंबण्यास पिशव्याही कारण झाल्या, असे दिसून आल्यावर २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घातली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्याने जाडीचा निकष बाजूस सारून सरसकट पिशव्यांस मनाई केली व त्या वर्षीच्या २३ जूनपासून अंमलबजावणी आरंभिली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या काही ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आणली.

जाडीच्या ह्या निकषास तर्क नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पातळ पिशवीस वजन नाही, म्हणून मोल नाही; मोल नाही म्हणून कचरावेचक ती उचलीत नाही. जाड पिशवी महाग पडते, त्यामुळे ती फुकट वाटली जात नाही, पुन्हा वापरली जाते आणि शेवटी भंगारात विकली जाते. हा तर्क शहरापुरता बऱ्याच अंशी खरा आहे. किंबहुना ह्या नियमांत कोठेही न लिहिलेले एक पात्र गृहीत धरले आहे, आणि ते म्हणजे शहरातील कचरावेचक. दरेकसासारख्या विरळ वस्तीच्या रानात हलक्या पन्नीसाठी वाडीवाडीतून फिरणे कोणाही भंगारवाल्यास परवडणारे नाही. म्हणजे ज्या माणसावर नियमाची इमारत उभी आहे, तो माणूसच येथे अनुपस्थित आहे.

४. दुसरा इतिहास : व्यासाचा मायक्रॉन

ज्या काळात राज्यकर्ते पिशवीची जाडी मोजू लागले, त्याच्या बऱ्याच आधीपासून शास्त्रज्ञ कणांच्या आकाराकडे वळले होते. १९३३ साली इंग्लंडमध्ये पॉलिएथिलीनचा शोध लागला, १९३८ साली नायलॉन जगापुढे आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या पदार्थांचे उत्पादन झपाट्याने वाढले. १९७२ साली कार्पेंटर व स्मिथ ह्या संशोधकांनी अटलांटिक महासागरातील सारगासो समुद्राच्या पृष्ठभागावर प्लॅस्टिकचे कण सापडल्याचे प्रसिद्ध केले. त्यांचे सरासरी प्रमाण एका चौरस किलोमीटरमागे सुमारे ३,५०० होते. ह्या वार्तेकडे त्या वेळी फारसे लक्ष गेले नाही.

२००४ साली रिचर्ड थॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मायक्रोप्लॅस्टिक’ हा शब्द वापरून ह्या अभ्यासास नाव दिले. इतिहासाच्या विद्यार्थ्यास त्यांची रीत विशेष उद्बोधक वाटेल. ब्रिटिश सागरी संशोधकांनी १९३१ पासून जहाजांमागे यंत्रे ओढून समुद्रातील सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक, रेशमी पट्ट्यांवर गोळा करून जपून ठेवले होते. थॉम्पसन यांनी ॲबर्डीन ते शेटलंड बेटे ह्या मार्गावरील १९६० नंतरचे जुने नमुने पुन्हा उघडले आणि त्यांत कृत्रिम तंतू शोधले. १९६०-७० च्या दशकांहून १९८०-९० च्या दशकांतील नमुन्यांत तंतूंचे प्रमाण वाढलेले आढळले. एका हेतूने जमविलेले दफ्तर दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देते, हा अनुभव पेशव्यांची रोजकीर्द वाचणाऱ्या संशोधकास नवा नाही.

२००८ साली अमेरिकेतील टॅकोमा येथे भरलेल्या एका परिषदेत पाच मिलिमीटर, म्हणजे ५,००० मायक्रॉन, ही सूक्ष्म प्लॅस्टिकची वरची मर्यादा सुचविण्यात आली व पुढे ती सामान्यतः मान्य झाली. महाराष्ट्रात मुंबईच्या जुहू, वर्सोवा, अक्सा व दादर येथील पुळणींचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेथे सापडलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांपैकी सुमारे ४२ टक्के १ ते ५ मिलिमीटर आकाराचे होते. गोड्या पाण्याच्या बाजूने पाहता, केरळातील वेंबनाड सरोवराच्या गाळाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक चौरस मीटरमागे ९६ ते ४९६ कण, सरासरी सुमारे २५३, असे प्रमाण तेथे आढळले. त्यांत पातळ पिशव्यांसाठी वापरले जाणारे कमी घनतेचे पॉलिएथिलीन अधिक होते.

आता दोन्ही इतिहास एकमेकांपुढे ठेवून पाहावेत. तीस सेंटिमीटर रुंद व चाळीस सेंटिमीटर लांब अशी एक पिशवी घेतली, तर तिच्या दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ २,४०० चौरस सेंटिमीटर भरते. तिचे एक मिलिमीटरचे चौरस तुकडे झाले तर त्यांची संख्या २ लक्ष ४० हजार होते, आणि शंभर मायक्रॉनचे झाले तर २ कोटी ४० लक्ष. पिशवीची जाडी ५० मायक्रॉन असल्यास तिचे वजन सुमारे ११ ग्रॅम असते. जाडी १२० मायक्रॉन असल्यास सुमारे साडेसव्वीस ग्रॅम. जाडी वाढविल्याने तुकडे होण्यास वेळ अधिक लागेल व पिशवी गोळा होण्याची शक्यता वाढेल, हे खरे. परंतु जी पिशवी गोळाच झाली नाही, तिच्यापासून जाडीच्या प्रमाणात अधिकच प्लॅस्टिक पाण्यात जाणार. कायदा आणि शास्त्र दोघेही मायक्रॉन मोजीत होते. पण एकाची नजर वस्तूच्या विक्रीच्या क्षणावर होती, तर दुसऱ्याची तिच्या अखेरच्या अवस्थेवर. शब्द एकच असल्यामुळे हे अंतर सामान्य नागरिकाच्या ध्यानात आले नाही, आणि ‘मायक्रॉन वाढविले, म्हणजे प्रश्न सुटत आला’ असा समज पसरला.

५. तलावांच्या देशातील गाळ

नदीच्या पाण्यातील कण वाहून जातो, तलावातील कण राहतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांत मालगुजारी तलावांची संख्या हजारांनी मोजली जाते. त्यांतील अनेक तलाव बांधण्याचे श्रेय कोहळी समाजास दिले जाते. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय हे त्याचे सुप्रसिद्ध उदाहरण होय. पाळ, तुडुम आणि सांडवा ह्या तीन अंगांनी बनलेली ही रचना भातशेतीस पाणी देई. तिच्या जोडीला शेतातील लहान बोड्या असत. तलावांच्या देखभालीत गाळ काढण्याचे काम मुख्य होते. तो गाळ बांध्यांत टाकला जाई व जमिनीचा कस वाढे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, १९५१ साली तलाव शासनाकडे गेले, निस्तार हक्कांची व्यवस्था बदलली आणि देखभालीची जुनी जबाबदारी सैल झाली.

नेमक्या त्याच दशकांत तलावाभोवतीच्या वस्तूही बदलू लागल्या. धीवर समाजाची जाळी पूर्वी सुती वा सणाच्या दोऱ्याची असत. पाण्यात ती कुजत, म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात भिजवून ती टिकवावी लागत. कोचीन येथे १९५७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कृत्रिम धाग्यांच्या जाळ्यांचा अभ्यास व प्रसार केला आणि पुढील दशकांत नायलॉन सर्वत्र पोहोचले. न कुजणारे जाळे गरीब मासेमारास वरदान वाटले, आणि ते वाटणे योग्यच होते. तागाच्या बारदानाच्या जागी खतांची पॉलिप्रॉपिलीनची विणलेली पोती आली, पळसपानांच्या पत्रावळी व द्रोणांच्या जागी कारखान्यात बनलेली ताटे व पेले आले, लोहमार्गाने पाण्याच्या बाटल्या आल्या. रेल्वेवर कागदी व प्लॅस्टिकच्या पेल्यांऐवजी मातीचे कुल्हड आणण्याचा प्रयत्न २००४ साली झाला, पण तो टिकला नाही. ह्या प्रत्येक बदलामागे सोय, स्वस्ताई वा श्रमाची बचत असे समंजस कारण होते. म्हणून ह्या इतिहासात एखादा खलपुरुष शोधू नये.

परिणाम मात्र गाळात साठतो. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राबविली. तिच्यामागील कल्पना मालगुजारी काळातील वहिवाटीशी जुळणारी व स्वागतार्ह आहे. परंतु जुन्या वहिवाटीचे गृहीत असे होते की, तलावाच्या तळाशी जे बसते ते सर्व कुजलेले असते. हे गृहीत आता पूर्णतः खरे राहिलेले नाही. ज्या तलावात पन्नी, पोत्यांचे तंतू व जाळ्यांचे धागे जातात, त्याचा गाळ शेतात गेला की ते कणही शेतात जातात, आणि पावसाने पुन्हा तलावात येतात. खताचे चक्र जसेच्या तसे चालू आहे. मात्र त्यात न कुजणारा एक प्रवासी शिरला आहे.

६. आरोग्याचा प्रश्न

ह्या कणांनी प्रत्यक्ष अपाय काय होतो, ह्याविषयी अतिशयोक्ती व उपेक्षा ही दोन्ही टोके टाळावयास हवीत. जलचरांविषयी पुरावा अधिक स्पष्ट आहे. लहान जीवांच्या पोटात कण भरल्याने त्यांचे खाणे कमी होते. शिवाय पाण्यात न विरघळणारी विषद्रव्ये ह्या कणांच्या पृष्ठभागास चिकटतात. जपानच्या किनारी सापडलेल्या प्लॅस्टिकच्या गोळ्यांवर अशा द्रव्यांचे प्रमाण भोवतालच्या पाण्याहून दहा लक्ष पटींपर्यंत वाढल्याचे २००१ साली दिसून आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, समुद्रात राहून असे प्रदूषण शोषलेले पॉलिएथिलीन दोन महिने खाऊ घातलेल्या मेडाका माशांच्या यकृतात बिघाड आढळला. मेडाका हा जपानच्या भातखाचरांतील मासा आहे. आपल्या धानाच्या प्रदेशात हे उदाहरण परके वाटू नये.

मनुष्याच्या बाबतीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाने पिण्याच्या पाण्यातील कणांपासून मोठा धोका असल्याचे म्हटले नाही. उपलब्ध पुरावा मर्यादित आहे व अधिक संशोधन हवे, असे सांगितले. दीडशे मायक्रॉनहून मोठे कण शरीरात शोषले जाण्याचा संभव अल्प आहे. चिंता त्याहून सूक्ष्म कणांची आहे. २०२२ साली नेदरलँड्समध्ये २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिक आढळले. २०२४ साली इटलीतील २५७ रुग्णांच्या मानेच्या रक्तवाहिन्यांतून काढलेल्या मेदसंचयाची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १५० जणांत पॉलिएथिलीन सापडले. ज्यांच्यात असे कण होते, त्यांस पुढील सुमारे तीन वर्षांत हृदयविकार, पक्षाघात वा मृत्यू येण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे साडेचारपट होते. ह्यावरून संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही; तरी हा संबंध दुर्लक्षिण्याजोगा नव्हे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानेही २०२४ साली अन्नातील सूक्ष्म प्लॅस्टिकविषयी प्रकल्प हाती घेतला.

येथे आहाराची एक गोष्ट महत्त्वाची ठरते. मोठा मासा कापून, आतडी काढून खाल्ला जातो. लहान मासे व झिंगे मात्र पुष्कळदा सबंध शिजविले वा वाळविले जातात. कण सर्वाधिक असतात ते माशाच्या आतड्यात. तेव्हा मोठा मासा बाजारात विकून लहान मासळी घरी ठेवणाऱ्या धीवर कुटुंबाच्या ताटात, शहरी ग्राहकाच्या ताटापेक्षा अधिक कण जाण्याचा संभव उघड आहे. ज्याने सर्वांत कमी प्लॅस्टिक वापरले, त्याच्या वाट्यास ते अधिक यावे, हा ह्या विषयातील न्यायाचा प्रश्न आहे.

७. उपसंहार

प्लॅस्टिकविषयीच्या जागतिक करारासाठी मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे ठराव झाला. परंतु २०२४ अखेर बुसान येथे व ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या बैठका एकमताविना संपल्या. जगाचे एकमत होईपर्यंत थांबावे, अशी मात्र आपल्यावर सक्ती नाही. वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, जाडीच्या नियमास गोळा करण्याच्या व्यवस्थेची जोड नसेल, तर तो ग्रामीण भागात निष्फळ ठरतो. म्हणून तलाव असलेल्या प्रत्येक गावी पन्नी, फाटकी जाळी व रिकामी पोती परत घेण्याची सोय हा पाणी व्यवस्थेचाच भाग मानला पाहिजे. दुसरी ही की, गाळ शेतात नेण्यापूर्वी त्याची तपासणी झाली पाहिजे. तलाव बंद करणे वा गाळ नाकारणे हा त्याचा अर्थ नव्हे. जुन्या वहिवाटीस नव्या परिस्थितीत सुरक्षित ठेवणे हा आहे.

आपल्या विद्यार्थ्यांपुढे एक काम सुचवून हा लेख संपवितो. तलावाच्या तळाचा गाळ थरांनी साचतो. ज्या तलावाचा गाळ अनेक वर्षे हलविलेला नाही, त्याच्या तळातून उभा नमुना काढल्यास नायलॉन केव्हा आले, पोते केव्हा आले, पन्नी केव्हा आली, हे थराथराने वाचता येईल. रसायनशास्त्र विभागाने कण ओळखावेत, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी निस्तारपत्रके व गाळ काढल्याच्या नोंदी पाहाव्यात, आणि भाषेच्या विद्यार्थ्यांनी गावातील वृद्धांकडून जाळ्यांची, पोत्यांची व भांड्यांची जुनी-नवी नावे, ती केव्हा बदलली ह्यासह, टिपून घ्यावीत. एखादा नवा शब्द गावात केव्हा आला ह्याची आठवण आणि तो पदार्थ गाळात केव्हा आला ह्याची खूण, ही दोन्ही साधने एकमेकांस तपासू शकतील. ती नावे सांगणारी पिढी थोडीच वर्षे आपल्यात असणार आहे. म्हणून तीनही कामांपैकी नावे टिपण्याचे काम प्रथम हाती घ्यावे, आणि त्याचा आरंभ दरेकसाच्या परिसरातूनच करावा.